आठ पाचरी

दोन हजार तेवीस साल. माझं वय एकोणऐंशी, तुझं बहात्तर. त्या वयाची माणसं भेटली की एकमेकांच्या गोळ्या विचारतात. आपण एका कॅनव्हासवरून भांडलो आणि बोलणं टाकलं.

वसंता, तू गेलास त्याला आज एकोणीस दिवस झाले. पेपरात तुझा फोटो आला होता. खाली तू कुठं शिकलास, कुठल्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होतास, चित्रं कुठं कुठं लागली, सगळं छापलं होतं. बरोबरच असेल. निम्मं मला ठाऊक नव्हतं. आणि जे मला ठाऊक आहे ते त्यात नव्हतं, म्हणून ही वही घेऊन बसलोय. तिसरीपर्यंतची शाळा, अक्षर जाडंभरडं आहे. चालवून घे. नाही घेतलंस तरी आता काय करणार आहेस?

आपलं शेवटचं बोलणं काय झालं ते तीनच माणसांना माहीत. तुला, मला आणि तुझ्या सुमनला. त्यात एक गोष्ट राहिली. माफी मागायची राहिली, आणि ती मी मागायची होती. हे एवढं वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले, तेव्हा पुढचं सावकाश वाच.

बुधवार पेठेच्या मागच्या बोळात तुझ्या वडलांचं रंगाचं काम. लोक कारखाना म्हणायचे. कारखाना कसला, तीन तांब्याचे हंडे आणि एक चूल. विटलेली साडी बायका पुन्हा रंगवायला आणून द्यायच्या. तुझ्या वडलांनी जन्मात कधी तागडी हातात धरली नाही. चिमटीनं रंग टाकायचे, काठीनं ढवळायचे, चिंधीचं टोक बुडवून उजेडात धरायचे, आणि मग साडी आत. ओली साडी बघून बाई घाबरली की म्हणायचे, ओल्या रंगाशी बोलू नका, वाळल्यावर या. दोन दारं पलीकडे आमचं सुतारकाम. माझे वडील गुण्या लावून काटकोन बघितल्याशिवाय पाटसुद्धा ठोकायचे नाहीत. तू त्या दारातला आणि मी या. आपलं भांडण तिथंच ठरलं असणार, आपण नंतर ते फक्त पार पाडलं.

तुझा पहिला कॅनव्हास मी केला, त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. तू नुकता नोकरीला लागला होतास. नीट ताणून द्या दादा, म्हणालास. मी चौकट केली, कापड ताणलं, सरस लावून पांढरे हात दिले आणि मागच्या लाकडावर पेन्सिलीनं माझं नाव लिहिलं. का लिहितो विचारलंस. म्हटलं, उद्या सैल पडला तर कुणाच्या दारात यायचं ते कळावं म्हणून. टिचकी मारली की माझा कॅनव्हास ढोलकीसारखा बोलायचा. तुझ्या एका प्रदर्शनात एका बाईंनी मला विचारलं होतं, तुम्हाला या चित्रात काय दिसतं? मी म्हटलं, कापड झकास ताणलंय. त्या दुसऱ्या चित्राकडे निघून गेल्या. तू खांबामागं जाऊन हसत होतास ते मी बघितलं.

तुझं काम कसं चालायचं ते मी इतकी वर्षं बघितलं, पण कळलं नाही. नवा कॅनव्हास नेलास की पहिले काही दिवस तो भिंतीकडे तोंड करून उभा. मग एक दिवस फिरवायचास आणि समोर बसायचास. हातात ब्रश नाही, काही नाही. सुमन जेवायला हाका मारून थकायची. आणि एकदम उठून जे हाताला लागेल ते घ्यायचास. चिंधी, तुटका कंगवा, स्वयंपाकघरातलं उलथनं. सुमननं वैतागून तुला वेगळं उलथनं आणून दिलं, तर म्हणालास, या नव्याला काही येत नाही. रंग लावायचास कमी आणि खरवडायचास जास्त. आज ही बाजू वर, उद्या ती. अरे, यात वर कुठलं आणि खाली कुठलं, असं मी विचारायचो. तू म्हणायचास, अजून त्यानं सांगितलं नाही.

एकदा चिडून विचारलं, निदान तुला तरी ठाऊक असतं का काय काढणार आहेस? नाही म्हणालास. सरळ तोंडावर. मी म्हटलं, मी रेघ मारल्याशिवाय करवत लावत नाही. तू म्हणालास, मी आधी करवत लावतो दादा, रेघ कुठं होती ते नंतर कळतं. असलं बोललास की मला रंधा फेकून मारावासा वाटायचा. आणि घरी गेल्यावर तेच वाक्य डोक्यात फिरत बसायचं.

फळीचा वाद आठवतो? तू दुकानात बसला होतास. वखारीतून माल आला होता. मी एक फळी उचलली, ठेवली. दुसरीवर बोटाची पेरं वाजवली आणि घेतली. तू विचारलंस, ही का आणि ती का नाही? दोन्ही एका जाडीच्या, दोन्ही वाळलेल्या. ही बरी आहे, म्हटलं. कशावरून, म्हणालास. मला सांगता येईना. तुला तर लॉटरी लागल्यासारखं झालं. मग माझं काय वेगळं आहे, म्हणालास. मी म्हटलं, माझी फळी चुकली तर वर्षात समजतं, तुझं चित्र चुकलं तर कुणालाच समजत नाही. समोरचा घड्याळवालासुद्धा हसला. तूही हसलास. पण तो वाद मी जिंकलो नव्हतो, तोंड बंद केलं होतं एवढंच. ती फळी मी कशी निवडली ते मला आजही सांगता यायचं नाही. हात गेला तिच्याकडे. घे, लिहून दिलं.

मग मुलानं खराडीला फ्लॅट घेतला आणि तुम्ही बोळातून एकदम अकराव्या मजल्यावर गेलात. तिथल्या खोलीला मोठी खिडकी. इथं उजेड फार आहे दादा, रंगाला लपायला जागाच नाही, म्हणायचास. मी महिन्यातून एकदा स्वारगेटवरून बस धरायचो, खिशात हातोडी आणि पाचरी. तुला नाही, उद्या वही दुसऱ्या कुणाच्या हाती लागली तर त्याच्यासाठी लिहितो: पाचर म्हणजे लाकडाची अंगठ्याएवढी चपटी खुंटी. चौकटीच्या आतल्या कोपऱ्यात दोन दोन, अशा आठ. हवेनं कापड सैल पडलं की त्या ठोकायच्या. चौकट केसभर फाकते आणि कापड पुन्हा ताठ होतं.

आणि रविवारचा फोन होता. सकाळी दहाला. एका रविवारी तू करायचास, एका रविवारी मी. ठरवलं कुणीच नव्हतं, पण पाळी कधी चुकली नाही. बोलायचो काय? आज काय केलं, गुडघा कसा आहे, बोळात कुणी दुकान विकलं. तू सांगायचास, निळा वाळतोय. मी म्हणायचो, वाळू दे.

त्या दिवशी मी न कळवता आलो. तू खाली दूध आणायला गेला होतास. सुमननं दार उघडलं आणि ती चहा टाकायला आत गेली. तुझ्या खोलीत गेलो तर चार बाय पाचचा कॅनव्हास जमिनीवर, रंगाच्या चार डब्यांवर आडवा ठेवलेला. माझ्या हातचा. आणि मधे हा एवढा झोळ. झोळात निळं पाणी साचलेलं.

मला काय वाटलं ते सांगतो. चित्राचं मला काही वाटलं नाही. मला माझी लाज वाटली. मोठ्या प्रदर्शनांत लागणारा माणूस, आणि माझं कापड त्याच्या घरात पोतेऱ्यासारखं पडलंय, त्यात पाणी साचलंय, आणि बिचारा भिडेपोटी बोलत नाहीये. मी तिथंच आडवा झालो. एकोणऐंशीव्या वर्षी फरशीवर कुशीला पडून, डब्यांच्या मधून हात घालून, आतून एकेक पाचर ठोकली. आठही. कापड वर आलं. पाणी निघालं, उजव्या कोपऱ्याकडे धावलं आणि फरशीवर सांडलं. मला बरं वाटलं. मी बोळ्यानं फरशी पुसायला लागलो.

तू दारात उभा राहिलास. पायात चप्पल तशीच, हातात पिशवी. किती वेळ उभा होतास कुणास ठाऊक.

“दादा, ते पाणी मी ठेवलं होतं.”

“पाण्याला बादली असते,” मी म्हटलं. “कॅनव्हास ताठ लागतो.”

“महिनाभर ठेवत होतो. वाळलं की पुन्हा.”

“मग सांगायचं होतंस.”

“तुम्ही विचारायचं होतंत. चित्र माझं होतं ना?”

“चित्र तुझं. चौकट माझी. माझी चौकट झोळी होऊन पडलेली मी बघायचा नाही.”

एवढंच. आवाज तुझाही चढला नाही, माझाही नाही. सुमन ट्रे घेऊन उभी होती. तू त्यातला कप उचलून माझ्या हातात दिलास. मी उभ्यानंच प्यायलो. निघताना लिफ्टपर्यंत आलास आणि सावकाश जा म्हणालास. लिफ्टचं दार लागेपर्यंत मला ‘चुकलं’ म्हणता आलं असतं. अकरा मजले उतरेपर्यंत मी मनात म्हणत होतो, की मी काय चुकीचं केलं? खाली पोचल्यावर कळलं होतं. पण वर जाणं माझ्या जिवावर आलं.

पुढचा रविवार माझा होता. दहा वाजले, मी फोन समोर ठेवून बसलो आणि केला नाही. म्हटलं, तो करेल. त्याच्या पुढच्या रविवारी तू करशील वाटलं, तू केला नाहीस. बघितलंत, म्हणजे राग धरून बसलाय. हे मी भिंतीलाच सांगत होतो. असं वर्ष गेलं, वर दोन महिने. कुणीतरी सांगितलं की तू आता तयार कॅनव्हास विकत आणतोस. ते मात्र मला फार लागलं. टिचकी मारून बघितलीस का रे त्यांना कधी?

एकदा तू आला होतास. रंग घ्यायला पेठेत आला असशील. रस्त्याच्या पलीकडे, पुस्तकाच्या दुकानासमोर उभा राहून माझ्या दुकानाकडे बघत होतास. मला दिसलास. मी मान खाली घातली आणि रंधा मारत राहिलो. फळी केव्हाच साफ झाली होती, तरी मारत राहिलो, ढलप्या पडत राहिल्या. मान वर केली तेव्हा तू नव्हतास. वसंता, त्या रस्त्याची रुंदी ती किती? रिक्षा आडवी लावली तर रस्ता बंद होतो.

मग सुमनचा फोन आला. तोसुद्धा मंगळवारी. मी स्मशानात सगळ्यांत मागं उभा होतो. तू लहान, मी मोठा, तुझ्या पायाला हात लावायची सोय नाही. तुझ्या उजव्या हाताच्या नखांत निळा होता. कुणी धुतला नाही, बरं केलं.

तेरावा झाला आणि सुमननं बोलावलं. तुझ्याकडे रंग शिकायला येणारे, तेही आता पन्नाशीचे झालेत, त्यांनी ठरवलंय की या रविवारी हॉलमध्ये तुझी चित्रं लावायची आणि चार माणसांनी बोलायचं. सगळी चित्रं निवडून झाली होती. एक राहिलं होतं. ते तिनं भिंतीपासून फिरवलं.

तेच. तू त्याला नंतर हात लावला नव्हतास. सही नाही, नाव नाही. पोरांनी विचारलं होतं म्हणे, सर, हे झालंय का? तर तू म्हणालास, दादांना विचारा.

मी सुमनला विचारलं, कसं म्हणाला? रागानं? ती म्हणाली, चहा पीत होते. मी विचारलं, हसून म्हणाला का? ती म्हणाली, त्यांचं हसणं आणि त्यांचा टोमणा एकाच चेहऱ्यानं यायचा, हे मी तुम्हाला सांगायचं का?

मी चित्रासमोर बसलो. पन्नास वर्षांत पहिल्यांदा कापड न बघता चित्र बघितलं. मधोमध निळी वर्तुळं, एकात एक. लाकूड आडवं कापलं की आत वर्षं दिसतात, तशी. पाणी वाळलं की त्याचा काठ उरतो. पुन्हा पाणी, पुन्हा काठ. मी बोटानं मोजली, अकरा. बारावं सुरू झालं होतं, आणि तिथून ते फुटून उजव्या कोपऱ्याकडे ओघळलं होतं. उजवीकडे माझी हातोडी नेहमीच जड पडते.

आणि मग मला दिसलं तू काय करत होतास. वडलांचा हंडा. तू कापडाचाच हंडा केला होतास. त्यात चिमटीनं रंग टाकत होतास आणि वाळल्यावर बघत होतास. त्या अकराव्या मजल्यावर, जिथं खाली काचेची ऑफिसं आणि गळ्यात पट्टे अडकवलेली पोरंपोरी, तिथं तू बोळातला हंडा मांडून बसला होतास. तुलाही ते आधी ठाऊक नसणार, तुझा हात गेला असणार तिकडे. आणि मी त्या हंड्याला खालून हातोडी मारली.

तुझा मुलगा मागं येऊन उभा राहिला होता. चांगला आहे रे तो. म्हणाला, काका, तो ओघळच खरं तर पेंटिंगला लाइफ देतोय. मला बरं वाटावं म्हणून म्हणाला. ओघळ वाईट दिसत नाही, हे खरं आहे. पण तो तुझा नाही. चुकीला फूल वाहून तिचा देव करायचा, हे मला जमायचं नाही. बारावं वर्तुळ कसं झालं असतं ते आता कुणालाच कळायचं नाही, आणि ते माझ्यामुळं.

मी सुमनला म्हटलं, “हे झालेलं नाही. तो करत होता, मी मधे पडलो. चूक माझी आहे.”

ती म्हणाली, “हे त्यांना सांगायचं होतंत, दादा.”

“हो.”

“मी किती वेळा म्हटलं त्यांना, तुम्हीच करा की फोन. तर म्हणायचे, पाळी दादांची आहे. आपण केला तर त्यांना वाटेल आपण त्यांची चूक काढतोय. दर रविवारी दहाला इथं, या खुर्चीत बसायचे.”

वसंता, हे मला माहीत नव्हतं. मी समजत होतो की तू माझ्याकडे पाठ करून बसलायस. तू तोंड करून बसला होतास. मला वाटतं यापेक्षा तू चार शिव्या दिल्या असत्यास तर ते मला सोपं गेलं असतं. तू माझा मान सांभाळलास. माझा मान सांभाळायला मी एकटा पुरेसा होतो रे. तू कशाला त्यात पडलास?

परवा सुतळी शोधताना दुकानात एक कापडाचा तुकडा हाताला लागला. चार बाय पाचच्या मापानं मी तो आधीच फाडून ठेवला होता. तू सांगितलं नव्हतंस, मीच आपला फाडला होता, भांडणाच्या आधी. आता तो कुणाला देऊ? दुसरे चित्रकार येतात, चांगले आहेत, माप कागदावर लिहून आणतात. कुणी दुकानातल्या स्टुलावर बसून फळीशी भांडत नाही. तुझ्याशी वाद घालता घालता माझी पन्नास वर्षं गेली आणि मला वाटायचं आपण नुसता वेळ घालवतोय.

सुमननं शेवटी विचारलं, मग लावायचं की नाही? ठेवून द्यायचं असलं तर माळ्यावर जागा आहे. मी म्हटलं, उद्या सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं खराडीला गेलो. कॅनव्हास पालथा घातला, पक्कड घेतली आणि पाचरी काढायला लागलो. एका कोपऱ्यातली एक, मग समोरच्या कोपऱ्यातली. घाई केली तर चौकट तिरपी होते. आठवी निघाली तशी कापडानं मान टाकली. उलटा करून भिंतीला लावला. खिडकीतून ऊन येत होतं, त्यात झोळ लांबूनसुद्धा दिसत होता, आंधळ्यालाही दिसला असता. माझ्या हातचा असा कॅनव्हास चार माणसांत कधी गेला नाही. सुमनला म्हटलं, रविवारी हे असंच लावायचं, कुणी ताणायचं नाही. पोरांना सांग, झालेलं नाही. आणि हे ढिलं काम कुणाचं म्हणून कुणी विचारलं, तर माझं नाव सांग.